घरात उघडते, बाहेर उघडत नाही: लाईट गेली की बंद पडणारी घरची साईट

अमळनेरच्या आमच्या घरी देव्हाऱ्याच्या शेजारच्या फळीवर एक रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा संगणक, ठेवलेला आहे. आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या आणि खानदेशातल्या कानबाई देवीची अहिराणी गाणी त्यावर आहेत, दीडशेच्या आसपास. आजीला आम्ही मोठी माय म्हणायचो. ती असताना दुपारी तिच्याजवळ बसून मोबाईलवर केलेली ही रेकॉर्डिंग. काहींमध्ये मागे कोंबडा ओरडतो, काहींमध्ये ती मधेच थांबून "पानी दे रे भो" म्हणते. हा आवाज कुठल्यातरी परक्या कंपनीच्या गोदामात टाकावा असं मला वाटलं नाही. तो घरातच राहावा आणि नातेवाइकांना जिथे असतील तिथून ऐकता यावा, एवढंच हवं होतं, म्हणून त्याच पायवर एक साईट चालू केली.

नातेवाईक म्हणजे मुख्यतः सुरत. खानदेशातून सुरतेला गेलेली घरं मोजायला गेलं तर गल्लीतलं प्रत्येक दुसरं दार मोजावं लागेल. माझे मामा उधन्याला राहतात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, त्या आठवड्यात ही गाणी सगळ्यात जास्त ऐकली जातात. त्याच दिवसांत पाऊस असतो, आणि पाऊस आला की लाईट जाते. लाईट परत आली की मामांचा फोन ठरलेला: "भो, काहीच उघडत नही."

मी नोकरीला जळगावला. घरी आई. आईला फोन केला की ती म्हणते, "माझ्या मोबाईलवर तर उघडतेय." मामा खरं बोलत असतात आणि आईही. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी कशी ठरतात, ते कळलं की अर्धं काम झालं.

हाच बिघाड माझ्याकडे तीन वेळा आला. लक्षण तिन्ही वेळा तेच, कारण दर वेळी निराळं. मागच्या वेळी जो उपाय लागू पडला तोच पुन्हा करत बसल्यामुळे दुसऱ्या वेळी माझे तीन शनिवार-रविवार गेले. म्हणून आता सेटिंगला हात लावायच्या आधी, बाहेरून निघालेलं पाकीट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारा माहितीचा तुकडा, नेमकं कुठपर्यंत पोहोचतं ते बघतो.

पहिली गोष्ट, तपासणी बाहेरूनच करायची. आईचा मोबाईल घरच्या वायफायवर होता, म्हणजे तिची विनंती घराचा उंबरठा ओलांडतच नव्हती. वायफाय बंद करून मोबाईल डेटावर उघडून बघा. याच्या उलटही होतं: बाहेरून साईट नीट चालते, पण घरातून नाव टाकलं की उघडत नाही. काही राउटरना घरातून निघून स्वतःच्याच बाहेरच्या पत्त्यावर जाणारं पाकीट वळवून परत आत आणता येत नाही. असं वळवून आणण्याला हेअरपिन नॅट म्हणतात. नॅट म्हणजे घरातली सगळी यंत्रं बाहेरच्या एकाच पत्त्यामागे ठेवायची सोय. तुमच्या राउटरला ते जमत नसेल तर साईट बिघडलेली नाही. घरात असताना आतला पत्ता वापरा आणि पुढे व्हा.

दुसरी गोष्ट, मोबाईलवर नक्की काय लिहून येतं ते शब्दशः विचारायचं. "उघडत नाही" एवढ्यावर काहीच कळत नाही. मी मामांना स्क्रीनशॉट पाठवायला सांगतो. त्यावर चारपैकी एक गोष्ट असते.

"टाइम्ड आउट" आलं, तर पाकीट गेलं आणि कुणीच उत्तर दिलं नाही. ते वाटेत कुठेतरी गिळलं गेलं: फायरवॉलने (नको ती पाकिटं अडवणाऱ्या पहारेकऱ्याने), चुकीच्या पत्त्याने, किंवा बंद पडलेल्या डब्याने. "रिफ्यूज्ड" आलं, तर ते बरं लक्षण आहे. कुणीतरी दार उघडून "इथे असं कोणी राहत नाही" असं सांगितलं. म्हणजे पाकीट एखाद्या जिवंत यंत्रापर्यंत पोहोचलं, फक्त त्या पोर्टवर, म्हणजे यंत्राच्या त्या नंबरच्या दारावर, ऐकणारा प्रोग्रॅम नव्हता. आपलंच यंत्र आहे की दुसऱ्या कुणाचं, ते मात्र तपासायचं, कारण आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) बदललेला असेल तर आपल्या जुन्या पत्त्यावर आता कुणा अनोळखी माणसाचा राउटर बसलेला असू शकतो. "एनएक्सडोमेन" हा शब्द दिसला, तर नावच सापडलं नाही, गोष्ट डीएनएसची, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेची, आहे आणि राउटर उघडायचीसुद्धा गरज नाही. आणि "कनेक्शन सुरक्षित नाही" असा इशारा आला, तर पाकीट थेट पोहोचलं आहे, साईटची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राची मुदत तरी संपली आहे किंवा उत्तर देणारं यंत्र तरी दुसरं आहे.

एवढ्या माहितीवर निम्मी शक्यता बाजूला पडते. मग आतून बाहेर जायला सुरुवात करायची.

सर्व्हरपाशी काम थोडंच असतं. वेबसर्व्हर चालू आहे का, आणि कुठल्या पत्त्यावर ऐकतो आहे? लिनक्सवर "एसएस" ही आज्ञा टीएलएनपी या चार अक्षरांसह चालवली की यादी येते. त्यात पोर्ट ८० किंवा ४४३ (साईटचे नेहमीचे पोर्ट) पुढे १२७.०.०.१ दिसलं, तर तो सर्व्हर फक्त स्वतःशीच बोलतो आहे, शेजारच्या खोलीतल्या मोबाईललासुद्धा दिसणार नाही. तिथे ०.०.०.० किंवा घरच्या नेटवर्कमधला पत्ता हवा. मग त्याच वायफायवरच्या दुसऱ्या यंत्रातून आतल्या पत्त्याने साईट उघडा. उघडली तर सर्व्हर सुटला. नाही उघडली तर लिनक्सची यूएफडब्ल्यू किंवा विंडोजची फायरवॉल बघा. विंडोजवर घरचं नेटवर्क "पब्लिक" म्हणून नोंदलं गेलं असेल तर ती बाहेरून आलेलं जवळपास सगळंच अडवते.

आता राउटर. माझ्याकडचा पहिला बिघाड इथलाच होता. पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये लिहिलेलं होतं की ४४३ वर आलेलं १९२.१६८.१.५ कडे पाठव. लाईट गेली, आली, राउटर आपली वाटप-वही विसरला, आणि आधी जागा झालेल्या टीव्हीने ५ नंबर घेतला. पायला मिळाला ७. बाहेरून येणारी प्रत्येक विनंती टीव्हीकडे जात होती, आणि टीव्ही "रिफ्यूज्ड" म्हणत होता. उपाय पाच मिनिटांचा आहे: राउटरच्या डीएचसीपी (घरातल्या यंत्रांना आयपी वाटणाऱ्या) पानावर पायच्या मॅक पत्त्यासाठी, म्हणजे यंत्राच्या ओळख-क्रमांकासाठी, एक आयपी राखून ठेवायचा. अनेक जण पायवरच आयपी पक्का करतात. तेही चालतं, पण मग तो आकडा राउटरच्या वाटपाच्या टप्प्याबाहेरचा घ्या, नाहीतर कधीतरी दोघांना एकच नंबर मिळेल.

त्याच काळात दुसरी गोष्ट होती डायनॅमिक डीएनएसची. लाईट गेली की फायबरचा डबा नव्याने जोडणी करतो आणि बहुतेक वेळा बाहेरचा आयपी बदलतो. डकडीएनएससारखी सेवा नवा पत्ता नोंदवून घेते, पण आपल्या यंत्राने तो जाऊन सांगावा लागतो. माझी स्क्रिप्ट पाय सुरू होताना एकदाच चालायची. पाय अर्ध्या मिनिटात जागा होतो, फायबरच्या डब्याला दोन-तीन मिनिटं लागतात. स्क्रिप्ट इंटरनेट नसतानाच धावायची, अपयशी व्हायची आणि पुढच्या वेळी लाईट जाईपर्यंत झोपून जायची. हे मी लॉग वाचल्यावर कळलं: पाय सुरू झाल्याची वेळ आणि "होस्ट सापडला नाही" ही ओळ यांच्यात अकरा सेकंदांचं अंतर होतं. स्क्रिप्ट दर पाच मिनिटांनी चालेल असं क्रॉनमध्ये, म्हणजे पायच्या वेळापत्रकात, टाकलं आणि तो बिघाड कायमचा गेला. नोंदीचा टीटीएल, म्हणजे इतरांनी ती किती वेळ लक्षात ठेवायची तो काळ, मोठा ठेवू नका. तो एक दिवसाचा असेल तर नवा पत्ता नोंदवूनही मामांच्या बाजूला जुनाच दिसत राहतो.

मग जवळजवळ वर्षभर सगळं सुरळीत चाललं. आणि एका पावसाळ्यात पुन्हा मामांचा फोन.

राखीव आयपी जागेवर. स्क्रिप्ट वेळेवर. पोर्ट फॉरवर्डिंग जसंच्या तसं. तरीही बाहेरून "टाइम्ड आउट". मी फॉरवर्डिंग पुसून पुन्हा लिहिलं, राउटर फॅक्टरी रिसेट केला, वेगळा पोर्ट घेतला, शेवटी दुसरा राउटर आणला. तीन आठवडे. शेवटी एका रविवारी पायवर टीसीपीडम्प, म्हणजे येणारं-जाणारं प्रत्येक पाकीट दाखवणारा प्रोग्रॅम, लावला, पोर्ट ४४३ वर काय येतं ते बघत बसलो, आणि हातातल्या मोबाईलवर डेटा चालू करून साईट उघडली. टीसीपीडम्पच्या काळ्या पडद्यावर एक ओळसुद्धा उमटली नाही. मोबाईलवर गोल फिरत राहिलं आणि इकडे कर्सर जागच्या जागी लुकलुकत राहिला. पाकीट माझ्या घरापर्यंत येतच नव्हतं, आणि घराच्या आतलं काहीही दुरुस्त करून ते येणार नव्हतं.

ही चाचणी मी पहिल्याच दिवशी करायला हवी होती, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो. टीसीपीडम्पमध्ये काहीच दिसलं नाही, तर अडथळा सर्व्हरच्या आधी आहे. एसवायएन (जोडणीची पहिली हाक) असलेल्या ओळी पुन्हा पुन्हा येत असतील आणि उत्तर जात नसेल, तर सर्व्हरची स्वतःची फायरवॉल गिळते आहे. एसवायएन आली आणि लगेच रिसेट (नकार) गेला, तर त्या पोर्टवर ऐकणारा कोणी नाही. दोन मिनिटांत कळतं की आपण कुठल्या खोलीत शोधायला हवं.

पाकीट येत नव्हतं म्हणून राउटरचं स्टेटस पान उघडलं. तिथे "वॅन आयपी", म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, या शब्दापुढे होतं १००.७२.१४.९. ब्राउझरमध्ये "माझा आयपी काय" शोधलं तर वेगळाच आकडा, २०३ ने सुरू होणारा. दोन्ही आकडे एकच असायला हवेत. ते एक नाहीत याचा अर्थ बाहेरचा पत्ता माझ्या राउटरकडे नाही, इंटरनेटवाल्याच्या यंत्राकडे आहे आणि त्यामागे माझ्यासारखी कितीतरी घरं आहेत. त्याला कॅरियर ग्रेड नॅट म्हणतात, बोलताना सीजीनॅट.

हे कुणी खोडसाळपणाने केलेलं नाही. आयपीव्ही४ चा, म्हणजे वर दिसलेल्या पद्धतीचा, पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण साधारण ४२९ कोटी पत्ते. त्यांचा जागतिक साठा ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून संपला. मग एप्रिल २०१२ मध्ये १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पट्टा खास इंटरनेट पुरवणाऱ्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवला गेला. तुमच्या राउटरच्या वॅन आयपीत पहिला आकडा १०० आणि दुसरा ६४ ते १२७ यांच्यामधला असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. तिथे १० ने, १९२.१६८ ने किंवा १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होणारा आकडा असला तरी तुमच्या पुढे आणखी एक नॅट आहे. फक्त तो इंटरनेटवाल्याचा असेल किंवा तुमच्याच घरातला.

घरातला असेल तर नशीब समजा. फायबरचा डबा स्वतः राउटरचं काम करतो, आणि त्यापुढे आपण बाजारातून आणलेला राउटर लावतो. मग दोन नॅट होतात, आणि फॉरवर्डिंग एकाच ठिकाणी लिहिलेलं असतं. फायबरचा डबा ब्रिज मोडमध्ये (राउटरचं काम सोडून जोडणी नुसती पुढे देणं) टाकून पीपीपीओईचं, म्हणजे इंटरनेटवाल्याकडे लॉगिन करायचं, यूजरनेम-पासवर्ड आपल्या राउटरमध्ये भरलं की काम होतं. ते यूजरनेम केबलवाल्याकडून आधी लिहून घ्या. डबा ब्रिजमध्ये टाकल्यावर इंटरनेट बंद पडलं आणि पासवर्ड माहीत नाही, हा प्रसंग आमच्या गल्लीत दोन घरांनी पाहिला आहे.

माझ्या बाबतीत मात्र नॅट इंटरनेटवाल्याचा होता. मधल्या काळात त्याने गुपचूप सगळ्या घरगुती जोडण्या तिकडे हलवल्या होत्या. केबलवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "दादा, डीएमझेडमध्ये टाकून द्या ना, सगळे पोर्ट उघडतील." त्याचा हेतू चांगला होता, पण डीएमझेडने फक्त माझ्या राउटरचं दार सताड उघडलं असतं. सीजीनॅट गल्लीच्या तोंडाला असताना घराचं दार उघडून काय होणार? उलट कधी सीजीनॅट निघाला असता तर पाय थेट उघड्यावर आला असता. डीएमझेड वापरू नका.

इथून पुढे चार वाटा आहेत. स्थिर आयपी विकत घेणं ही सगळ्यात सरळ वाट. वर्षाकाठी वेगळे पैसे पडतात आणि काही जण तो फक्त व्यावसायिक जोडणीवर देतात, पण तालुक्याच्या ठिकाणचा केबलवाला ओळखीचा असतो, विचारून बघायला हरकत नाही. पैसे भरण्याआधी पोर्ट ८० आणि ४४३ बाहेरून येऊ देतात का, हे लेखी नाही तरी स्पष्ट विचारून घ्या. काही जण स्थिर आयपी देतात आणि ८० अडवतात.

आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत, ही दुसरी वाट. त्यात पत्त्यांचा तुटवडा नाही, म्हणून नॅटही नाही. भारतात मोबाईलवर आयपीव्ही६ इतकं पसरलं आहे की मामांच्या फोनला ते होतंच. पण राउटर बाहेरून येणारं आयपीव्ही६ सहसा अडवून ठेवतो. तिथे फॉरवर्डिंग नसतं, त्या पत्त्यासाठी आणि पोर्टसाठी फायरवॉलमध्ये वाट काढावी लागते. शिवाय पत्त्याचा सुरुवातीचा भाग लाईट गेल्यावर बदलू शकतो, म्हणून तिथेही डायनॅमिक डीएनएस लागतं, आणि डीएनएसमध्ये चार ए वाली नोंद. पायने तात्पुरता खासगी पत्ता नोंदवला तर तो थोड्याच दिवसांत जातो, कायमचा पत्ता निवडून नोंदवा. हे सगळं मी केलं आणि चाललंही. पण मामांच्या मुलाच्या ऑफिसच्या नेटवर्कवर आयपीव्ही६ नव्हतं, आणि तो दुपारच्या सुट्टीत ऐकतो.

तिसरी वाट बोगद्याची. बाहेरून आत येता येत नसलं तरी आतून बाहेर जाता येतं. म्हणून घरातलं यंत्र स्वतःहून बाहेरच्या एका सर्व्हरशी जोडणी करून ती धरून ठेवतं, आणि पाहुणे त्या सर्व्हरवरून याच जोडणीतून आत येतात. पोर्ट फॉरवर्डिंग लागत नाही, सीजीनॅट आडवा येत नाही. क्लाउडफ्लेअर टनेल हे काम फुकट करतं. डोमेन मात्र स्वतःचं हवं आणि त्याचे नेमसर्व्हर त्यांच्याकडे न्यावे लागतात. ते वापरणाऱ्यांसाठी एक खूण: पानावर १०३३ हा एरर आला तर घरातला बोगद्याचा प्रोग्रॅम त्यांच्यापर्यंत पोहोचलेला नाही. ५०२ आला तर बोगदा उभा आहे, पण त्याला घरातला वेबसर्व्हर सापडत नाही, बहुतेक पोर्ट चुकलेला असतो. बोगदा सारखा तुटत असेल तर तुमचा इंटरनेटवाला पोर्ट ७८४४ वरचं यूडीपी (पोच न मागता जाणारी पाकिटं) अडवतो का ते बघा आणि प्रोटोकॉल एचटीटीपी२ वर टाका. बहुतेकांनी हीच वाट घ्यावी असं माझं मत आहे. यात सांकेतिक मजकुराचं कुलूप त्यांच्या सर्व्हरवर उघडतं, म्हणजे मधला मजकूर त्यांना दिसू शकतो. दुकानाच्या किंवा शाळेच्या साईटला त्याने फरक पडत नाही. व्हिडिओचा मोठा साठा वाटायचा असेल तर आधी त्यांच्या अटी वाचा.

मी चौथी वाट घेतली. एक लहानसा भाड्याचा सर्व्हर घेतला आणि तो व पाय यांच्यात वायरगार्ड हा बोगदा बांधणारा प्रोग्रॅम लावला. भाड्याच्या सर्व्हरवर गाणी नाहीत, प्रमाणपत्रही नाही. तो ८० आणि ४४३ वर आलेलं पाकीट उचलतो आणि न उघडता घरी पाठवतो. कुलूप घरीच उघडतं. मोठ्या मायचा आवाज देव्हाऱ्याशेजारच्या फळीवरच राहिला, याचं मला समाधान आहे.

वायरगार्डमध्ये पहिल्याच दिवशी अडखळायला होतं ते असं: साईट दोन मिनिटं चालते आणि मग मरते, पायवरून काहीतरी पाठवलं की पुन्हा जिवंत होते. सीजीनॅट शांत बसलेली यूडीपी जोडणी विसरून जातो. पायच्या बाजूला पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ लिहा, दर २५ सेकंदांनी एक छोटं पाकीट जातं आणि वाट उघडी राहते.

आणि मग तिसरा बिघाड. लाईट गेली, आली, फायबरचे दिवे हिरवे, पाय चालू, मामांच्या फोनवर "टाइम्ड आउट". आईला पायचं बटण बंद-चालू करायला सांगितलं, फरक नाही. शनिवारच्या गाडीने घरी गेलो. पायवरून वायरगार्डची स्थिती पाहिली तर पाठवलेले बाइट वाढत होते, आलेले शून्य. म्हणजे भाड्याचा सर्व्हर ऐकत होता की नाही कोण जाणे, उत्तर देत नव्हता.

कारण घड्याळात होतं. पाय ४ पर्यंतच्या रास्पबेरी पायला स्वतःचं चालतं घड्याळ नसतं. लाईट जाण्याआधी अधूनमधून वेळ कार्डावर लिहून ठेवलेली असते, उठल्यावर तो तीच वेळ धरतो आणि मग इंटरनेटवरून सुधारून घेतो. वायरगार्डच्या पहिल्या संदेशात वेळेचा शिक्का असतो. समोरच्याने आधी पाहिलेल्या शिक्क्यापेक्षा जुना शिक्का आला, तर तो कुणीतरी जुना संदेश पुन्हा वाजवतो आहे असं समजून मुकाट्याने टाकून देतो. माझा पाय मागे पडलेल्या घड्याळाने हाका मारत होता. एरवी वेळ मिनिटभरात सुधारली असती. पण मी पायची सगळीच वाहतूक बोगद्यातून जाईल असं लिहिलं होतं, वेळ विचारणारी पाकिटंसुद्धा. वेळेसाठी बोगदा हवा आणि बोगद्यासाठी वेळ. दोघं एकमेकांच्या दारात उभे.

सगळी वाहतूक बोगद्यात टाकायचं एक कारण होतं: पाहुण्यांचे खरे आयपी लॉगमध्ये दिसावेत. ते सोडून दिलं. भाड्याच्या सर्व्हरवर मास्करेड लावलं, म्हणजे सगळी पाकिटं त्याच्याच नावाने घरी येतात, आणि पायच्या अलाउड आयपीजमध्ये (बोगद्यातून जाणाऱ्या पत्त्यांच्या यादीत) फक्त त्या एका सर्व्हरचा बोगद्यातला पत्ता ठेवला. बाकी सगळं, वेळेसकट, थेट बाहेर जातं. सोबत डीएस३२३१ नावाचं घड्याळाचं छोटं मॉड्यूल बटण-सेलसह पायवर बसवलं. आणखी एक: वायरगार्डच्या एंडपॉइंटमध्ये, म्हणजे समोरच्या सर्व्हरच्या पत्त्याच्या जागी, नाव लिहू नका, आकडा लिहा. लाईट आल्यावर नाव सोडवायला इंटरनेटच नसतं, सेवा अपयशी होते आणि काही ठिकाणी पुन्हा प्रयत्नच करत नाही.

प्रमाणपत्राबद्दल थोडं. लेट्स एन्क्रिप्ट या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं नेहमीचं प्रमाणपत्र ९० दिवसांचं. नूतनीकरणाची साधी पद्धत पोर्ट ८० वरून तपासणी करते, म्हणून "मला ४४३ पुरे" म्हणत ८० बंद केलं की महिनाभर काही कळत नाही आणि एका सकाळी सगळ्यांच्या फोनवर इशारा येतो. ८० उघडा ठेवायचा नसेल तर डीएनएसवरची तपासणी निवडा. मुदत संपत आल्याचे मेल त्यांनी ४ जून २०२५ पासून बंद केले आहेत, तेव्हा स्वतःची आठवण स्वतः लावा. आणि नूतनीकरण फसलं तर चिडून पुन्हा पुन्हा चालवू नका. एका नावासाठी तासात पाच अपयशं झाली की काही वेळ थांबावं लागतं. आधी त्यांच्या चाचणीच्या सर्व्हरवर जमवून घ्या.

साईट बाहेरून दिसू लागली की पहिल्याच दिवशी लॉगमध्ये अनोळखी लोक वर्डप्रेसचं लॉगिन पान शोधताना दिसतील, तुमच्याकडे वर्डप्रेस नसलं तरी. ते यंत्रं असतात, सगळ्यांचीच दारं वाजवतात. ८० आणि ४४३ सोडून काही उघडू नका. एसएसएचचा (दुरून यंत्र चालवायच्या सोयीचा) पोर्ट २२ बाहेर नको, मी तो बोगद्यातूनच वापरतो. राउटरचं बाहेरून चालणारं ॲडमिन पान आणि यूपीएनपी (यंत्रांना स्वतःहून पोर्ट उघडू देणारी सोय) दोन्ही बंद ठेवा.

राहिली लाईट आणि ऊन. फायबरचा डबा आणि राउटर बहुतेक १२ व्होल्टवर चालतात, त्यांना राउटरचा छोटा यूपीएस पुरतो. पाय ५ व्होल्टचा, त्याला वेगळी सोय हवी. पायलाच आधी द्या, कारण लाईट जाताना लिहिणं चालू असेल तर मेमरी कार्ड खराब होतं. गाण्यांची एक प्रत पेन ड्राइव्हवर कपाटात ठेवा. आपल्याकडे डबे चालू राहिले तरी इंटरनेट जात असेल, तर केबलवाल्याचा एखादा स्विच कुणाच्यातरी गच्चीवर त्यांच्या लाईटवर चालतो आहे का ते विचारा. थेट फायबर असेल तर वाटेतल्या स्प्लिटरला वीज लागत नाही, पण वाटेत स्विच असेल तर लागते. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून जास्त. आधी पाय तिथेच होता. त्याची चिप ८० अंशांवर गेली की तो स्वतःचा वेग कमी करायला लागतो. देव्हाऱ्याशेजारी आला तो त्यामुळे.

आईसाठी राउटरच्या वर भिंतीवर एक कागद चिकटवला आहे. त्यावर तिच्याच अक्षरात लिहिलेलं: लाईट आल्यावर पाच मिनिटं कशालाच हात लावायचा नाही. मग फायबरच्या डब्यावर लाल दिवा आहे का बघायचा. लाल असेल तर केबलवाल्याला फोन. लाल नसेल तर मोबाईलचं वायफाय बंद करून कानबाईचं पहिलं गाणं लावायचं. वाजलं तर मामांना फोन, नाही वाजलं तर मला.

गेल्या कानबाईला रविवारी संध्याकाळी लाईट गेली आणि पाऊण तासाने आली. रोट चुलीवर होते. आईचा फोन मला आला नाही. सातव्या मिनिटाला मामांचा आला, पलीकडे मोठ्या मायचा आवाज आणि मागे तो कोंबडा.